मिठाचा रकाना

पाम, २ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

रात्रभर पाऊस. रस्त्यावर पाणी साचलेलं, रिक्षावाल्याने लांबून वळसा घालून नेलं. आठला कंपनीत पोचले तर ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, न्यूट्रलायझेशन टाकीत १० हजार लिटर पाणी भरून तयार होतं. पीएच १.

नवा ऑपरेटर सकाळपासून कॉस्टिक सोडत होता. मला बघताच म्हणाला, "मॅडम, मीटर बिघडलंय वाटतं. २० किलो गेलं तरी आकडा १.३ च्या वर चढत नाही." मीटर मीच काल बफरवर लावून ठेवलं होतं, ते ठीक होतं. मी म्हटलं, थोडा धीर धर. पण त्याचा धीर संपला होता, आणि पंप जोरात चालू होता. थोड्या वेळाने आकडा चढू लागला तो थेट ११ वर जाऊन थांबला. आता त्या पाण्याला पुन्हा आम्ल पाजायची वेळ.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट. सात आणायला या टाकीला एकूण ४० किलो कॉस्टिक हवं. त्यातलं ३६ किलो तर एकवरून दोनवर यायलाच जातं. दोनवरून तीनला ३ किलो ६०० ग्रॅम, तीनवरून चारला ३६० ग्रॅम. चारपासून सातपर्यंतच्या वाटेला उरतं जेमतेम ४० ग्रॅम, मूठभरसुद्धा नाही. आणि आज ११ आला तो जास्त पडलेल्या फक्त ४०० ग्रॅममुळे. पंप बंद करायला थोडाच उशीर झाला होता.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काही होत नाही असं वाटतं, तेव्हाच सगळं होत असतं." यापुढे दोनला मोठा पंप बंद करायचा, नीट ढवळू द्यायचं आणि मग पातळ केलेलं कॉस्टिक छोट्या पंपाने सोडायचं, असं ठरलं.


४ ऑगस्ट, रविवार. दिव्यांची अवस

आईंनी सकाळीच समया, निरांजनं, लामणदिवा सगळं ओट्यावर काढून ठेवलं. वर्षभराचा काळेपणा. भिजवलेली चिंच आणि चिमूटभर मीठ घेऊन घासायला बसलो. आईंचा हात फिरेल तिथे पितळ उजळत होतं.

लेक यंदा नववीत आहे. शाळेत आम्ल, आम्लारी आणि क्षार चालू आहेत. कंपनीत आम्ही पीएच म्हणतो, तिच्या पुस्तकात सामू. तिने वहीत लिहिलं होतं, "आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा नाश करतात, याला उदासिनीकरण म्हणतात." मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, नाश कुठे झाला ते दाखव. समईवरचा काळा थर म्हणजे मुख्यतः तांब्याचं ऑक्साइड, आणि धातूचं ऑक्साइड म्हणजे आम्लारीच. चिंचेतलं आम्ल त्याला भेटलं, दोघांचा मिळून क्षार झाला आणि पाणी. समई उजळली, पण तांबं गेलं कुठे? तिने ताम्हनात साचलेलं हिरवट पाणी बघितलं. "यात," म्हणाली.

आईंनी शेवटी राखेचा हात दिला. चिंच राहिली तर दिवा पुन्हा डागाळतो, असं त्या म्हणतात. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कधर्मी. उरलेली आंबट ओल ते मारून टाकतं. आई रसायनशास्त्र शिकलेल्या नाहीत, पण क्रम त्यांना पाठ आहे.

हे तारेच्या कारखान्यात आहेत. तिथेही हेच चालतं, फक्त चिंचेऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल. गंजलेल्या तारेची वेटोळी आम्लात बुडवतात, गंज विरघळतो, तार चकचकीत निघते. आम्लात मात्र लोखंड उतरतं. त्या वापरलेल्या आम्लात चुना घातला की आधी हिरवट गाळ धरतो आणि हवा लागली की तोच विटकरी होतो. म्हणजे गंज तारेवरून निघाला तो टाकीच्या तळाशी जाऊन बसला.


५ ऑगस्ट, सोमवार. श्रावणी सोमवार

लेकीच्या प्रकल्पासाठी घरातले दर्शक जमवले. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या, जांभळट पाणी निघालं. लिंबू पिळलं तर गडद गुलाबी, खाण्याचा सोडा टाकला तर हिरवट. हळदीचं पाणी चुन्याच्या निवळीत लालभडक झालं. आई म्हणाल्या, "कुंकू असंच तर होतं, हळदीला चुना लावून." त्यावर लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळं. लेकीने तीनदा करून बघितलं. पिवळं, लाल, पिवळं.

तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "आई, रंग परत आला, पण पेला भरत चाललाय. मग पहिल्यासारखं कसं म्हणायचं?" या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. तो वहीत लिहून ठेवायला सांगितला. मीही इथे लिहून ठेवते.


७ ऑगस्ट, बुधवार

आज नळीचा क्लॅम्प सुटला आणि एका हेल्परच्या हातावर एचसीएल उडालं, कोपरापासून मनगटापर्यंत. दुसरा हेल्पर सोड्याची पिशवी घेऊन धावला. चांगल्याच हेतूने धावला होता. मी ओरडूनच त्याला थांबवलं आणि हात धरून पहिल्याला सेफ्टी शॉवरखाली उभं केलं. शर्ट कापून काढला. २० मिनिटं पाणी. मग दवाखाना. संध्याकाळी फोनवर बोललो, हात वाचला आहे, वरची कातडी लाल झाली तेवढीच.

शिफ्ट संपताना सगळ्यांना एकत्र बोलावलं. आम्ल अंगावर पडलं तर आम्लारी लावायची नाही, आम्लारी पडली तर आम्ल लावायचं नाही. दोन्हीला पाणी, भरपूर पाणी, लगेच आणि थांबायचं नाही. कारण दोघं भेटले की उष्णता निघते. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क असेल तर एक मोल पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोज्यूल. आपल्या १० हजार लिटरच्या टाकीत ती हरवून जाते, पीएच १ वरून ७ वर येताना टाकी दीड अंशसुद्धा तापत नाही. पण दाट आम्ल आणि दाट कॉस्टिक पेलाभर एकत्र केलं तर तेच पाणी उकळून उडतं. आणि कातडीवर ते पेलाभरच असतं. आम्लाने भाजलं नाही तेवढं त्या उष्णतेने भाजेल.

घरी आल्यावर माझेच हात थरथरत होते. आईंनी न विचारता चहा ठेवला.


९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

लेकीचा आजचा प्रश्न: "सातच का? पाच का नाही, दहा का नाही?"

तिला सांगितलं ते असं. कोपनहेगनला कार्ल्सबर्ग नावाच्या बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा होती. तिथे सोरेनसन नावाचे रसायनशास्त्रज्ञ विकरांवर काम करत होते. विकरांचं काम आम्लतेच्या बारीकशा फरकानेही बिघडतं, आणि ती आम्लता लिहायची तर ०.०००००१ अशा शून्यांच्या रांगा लिहाव्या लागत. म्हणून १९०९ मध्ये त्यांनी शून्यं मोजून तोच आकडा लिहायची रीत काढली. तो सामू. शुद्ध पाण्याचे काही थोडे रेणू आपले आपणच फुटतात, हायड्रोजन आयन एकीकडे, हायड्रॉक्साइड दुसरीकडे, दोन्ही सारखेच. २५ अंशाला लिटरमध्ये प्रत्येकी ०.०००००१ मोलचाही दहावा भाग. दशांशानंतरचं सातवं घर, म्हणून सात. पाणी तापवलं तर जास्त रेणू फुटतात आणि आकडा खाली येतो. उकळत्या शुद्ध पाण्याचा सामू सहाच्या जरासा वर असतो, तरी ते आंबट नसतं, उदासीनच असतं. म्हणजे सात हा काही पवित्र आकडा नाही. दोन्ही बाजू सारख्या असणं ही खरी गोष्ट.

मग अर्‍हेनियस. स्वीडनचा तरुण. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात त्याने प्रबंध दिला, त्यात म्हटलं की क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित तुकडे होतात. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये त्याच कल्पनेला नोबेल मिळालं. लेकीला हे फार आवडलं, परवा तिला गणितात कमी गुण पडले आहेत.

त्या कल्पनेने एक कोडं सुटलं होतं. हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या की नायट्रिक, सोडियमचा अल्क घ्या की पोटॅशियमचा, तीव्र असतील तर उष्णता तेवढीच, ५७. असं का? कारण खरं लग्न हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड या दोघांचंच. सोडियम आणि क्लोराइड हे वऱ्हाडी. लग्न कोणाचंही असो, नवरा-नवरी तीच.

"आणि लग्न लागल्यावर वऱ्हाडी कुठे जातात?" तिने विचारलं.

कुठेच जात नाहीत. टाकीतच राहतात. त्यांनाच आपण मीठ म्हणतो.


११ ऑगस्ट, रविवार

लेकीच्या त्या प्रश्नाने झोप लागली नव्हती. सकाळी उठून हिशेब मांडला. २ तारखेच्या त्या टाकीत, समजा आम्ल सगळं हायड्रोक्लोरिकच होतं, तर ४० किलो कॉस्टिक घालून किती मीठ झालं? साडेअठ्ठावन्न किलो. ५० किलोची एक गोणी आणि वर आणखी. एका टाकीत. आम्ही लॉगबुकात लिहिलं "पीएच ७.२, ओके" आणि पुढच्या टाकीकडे वळलो.

घातलं ते कॉस्टिक गेलं नाही, होतं ते आम्लही गेलं नाही. बारा वर्षं मी हे काम करते. समीकरण मला झोपेतही येतं. पण बाणाच्या उजव्या बाजूला दोन शब्द आहेत आणि मी आजवर त्यातला एकच वाचत होते, पाणी.

दुपारी पाऊस कोसळत होता. शेजारचे काका ओटीवर आले होते. म्हणाले, पावसाळ्यात बरं, सगळं पातळ होऊन वाहून जातं. पातळ होणं आणि उदासीन होणं यातला फरक त्यांना सांगितला. पीएच २ चं एक लिटर पाणी दहा लिटर केलं तर पीएच ३ होतो, एवढंच. आम्ल तेवढंच्या तेवढं राहतं, फक्त पसरतं. काका म्हणाले, "म्हणजे भांडण गावभर केलं." तसंच.


१३ ऑगस्ट, मंगळवार

आज स्लज नेणारा ट्रक आला. फिल्टर प्रेसमधून निघालेल्या वड्या पिशव्यांत भरून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या भरावाकडे जातात. दुसऱ्या एका प्रवाहात आमच्याकडे सल्फ्युरिक आम्ल असतं, ते चुन्याच्या दुधाने मारतो. तिथे वऱ्हाडी विरघळून लपत नाहीत, तळाशी बसतात. जिप्सम. हिशेब अगदी चोख: ९८ किलो शुद्ध सल्फ्युरिक आम्लाला ७४ किलो विरलेला चुना लागतो आणि त्याचं जिप्सम होतं १७२ किलो. ९८ आणि ७४, १७२. एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. स्वच्छ जिप्सम असतं तर सिमेंटवाल्यांनी नेलं असतं. आमच्यात रंग आणि सेंद्रिय द्रव्यं अडकलेली, म्हणून ते भरावात जातं आणि तिथेच राहणार.

ऑपरेटरांना चुन्यापेक्षा कॉस्टिक आवडतं. झटकन काम होतं, गाळ कमी, प्रेस धुवायला लागत नाही. मलाही आवडायचं. आज पिशव्या मोजताना वाटलं, चुना निदान दाखवतो तरी. कॉस्टिकचं मीठ निवळ पाण्यातून पुढे निघून जातं आणि कुणाला दिसत नाही.

हजाराहून जास्त कारखाने आहेत इथे, तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी सर्वांत वर होतं. या यादीत वर असणं म्हणजे सर्वांत वाईट असणं. ती यादी आली त्या दिवशी कंपनीत कुणी फारसं बोललं नव्हतं. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं होतं, आमचा पीएच तर कायम हद्दीत असतो, ५.५ ते ९ च्या आत. हे काही बोलले नाहीत.


१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

नवापूरला माहेरी जाऊन आले. दादाला राखी बांधली. संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेलो, समुद्राला नारळ वाहिला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून पंधरवडा होऊन गेला असला तरी आमच्या घरात नारळाआधी होडी काढत नाहीत. बाबा गेल्यावरही दादाने ते मोडलेलं नाही.

परत येताना खाडीच्या कडेने चाललो. लहानपणी बाबा मला इथे खांद्यावर बसवून आणायचे. ओहोटीला चिंबोऱ्या, दगडाला चिकटलेली कालवं, जाळ्यात बोय. दादा चालता चालता बोलत होता, आता काय मिळतं आणि काय मिळत नाही. तक्रारीच्या सुरात नाही, बाजारभाव सांगावा तसा.

आमच्या मांगेला समाजाची परिषद २०१६ मध्ये याच पाण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती, २०२२ च्या जानेवारीत निकाल लागला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात या खटल्याची चर्चा व्हायची. मी माहेरी आले की ती चर्चा थांबायची, आणि मी कंपनीत जाते हे सगळ्यांना आठवायचं. कुणी मला कधी वाकडं बोललं नाही.

आज दादाने पहिल्यांदा विचारलं. "बाय, तू तिथे नेमकं करते काय?"

मी सांगितलं. आम्ल येतं, ते कॉस्टिकने मारते, सातच्या आसपास आणते, मग ते पुढे सामायिक सांडपाणी केंद्राकडे जातं, तिथे उरलेली घाण जिवाणूंना खायला घालतात, आणि मग नळीने इथे समुद्रात.

"सात झालं म्हणजे चांगलं झालं?"

बारा वर्षं मी या प्रश्नाला हो म्हणत आले, कुणी विचारलं नसतानाही. आज नाही म्हटलं. म्हटलं, सात म्हणजे ते पाणी हात भाजत नाही, पाइप खात नाही, जिवाणूंना लगेच मारत नाही. तेवढंच. त्यात रंग असू शकतो, अमोनिया असू शकतो, प्राणवायू खाऊन टाकणारी रसायनं असू शकतात. मीटरला यातलं काही दिसत नाही, ते फक्त हायड्रोजन मोजतं. आणि मीठ असतं.

"मिठाचं काय? समुद्रात मिठाला तोटा आहे का?"

बरोबर आहे त्याचं. समुद्राच्या एका लिटरमध्येच सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. पण आमचं मीठ समुद्राला भेटायच्या आधी त्या जिवाणूंना भेटतं. खारट पाण्यात त्यांची भूक मंदावते, सेंद्रिय घाण ते पुरती खात नाहीत, आणि न खाल्लेलं पुढे येतं. मी टाकीत घातलेली प्रत्येक जास्तीची गोणी पुढच्या माणसाचं काम अवघड करते. हे बोलत असताना मला स्वतःलाच पहिल्यांदा सलग ऐकू आलं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग लाटांकडे हात करून म्हणाला, "ह्याचं किती असतं, तुझं ते सामू?"

साधारण ८.१. समुद्र किंचित अल्कधर्मी असतो आणि त्यात बायकार्बोनेट असतं, त्यामुळे थोडं आम्ल आलं तर तो पोटात घेतो, आकडा हलू देत नाही. पण जगभरच्या धुराड्यांचा कार्बन डायऑक्साइड तो दोनशे वर्षं पोटात घेत आला आहे आणि ८.२ वरून ८.१ वर आला आहे. एक दशांश वाटतो लहान, पण दहापटीच्या मोजणीत हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून जास्त वाढले. कालवं आणि शिंपले आपलं घर चुन्याचं बांधतात, त्यांना ते बांधणं जड जातं. परवाच्या त्या टाकीसारखं आहे, काही होत नाही असं वाटतं तेव्हाच सगळं होत असतं. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग समुद्रालापण कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, धीर धर म्हणून नको, आता बस म्हणून."

वहिनीने नारळीभात बांधून दिला.


२२ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस डोक्यात एकच. आमच्याकडे सकाळच्या बॅचचं धुणं आम्ल येतं, पीएच १ च्या आसपास. दुपारच्या दुसऱ्या प्लांटचं धुणं अल्क येतं, पीएच १३. सकाळी आम्ही कॉस्टिक विकत आणून आम्ल मारतो. दुपारी एचसीएल विकत आणून अल्क मारतो. दोन्ही वेळा मीठ करतो. टाकी एकच, ती रिकामी करायची घाई, म्हणून वर्षानुवर्षं असंच. दोन्ही पाणी कधी एकमेकांना भेटलेलीच नाहीत.

लॅबमध्ये दोन्हीचे नमुने आणले. लगेच ओतले नाहीत. आधी फ्यूम हूडमध्ये तपासलं. अल्काच्या थोड्याशा नमुन्यात आम्ल सोडलं आणि वर लेड अ‍ॅसिटेटचा कागद धरला. काळा पडला असता तर आत सल्फाइड आहे, आम्ल लागताच हायड्रोजन सल्फाइड वायू सुटणार, आणि तो माणूस मारतो. कागद पांढराच राहिला. दुसरा स्टार्च-आयोडाइडचा कागद, तोही पांढरा. मग तिसरा एक प्रवाह तपासला, क्लोरीन शोषणाऱ्या स्क्रबरचं अल्क पाणी. तेही फुकट मिळतंय म्हणून माझ्या मनात होतं. त्याच्यावर कागद निळाशार झाला. म्हणजे आत हायपोक्लोराइट, आम्ल लागलं की क्लोरीन बाहेर. त्याच्या कॅनवर लाल खडूने फुली मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, आम्लाजवळ नेऊ नये.

उरलेले दोघं बीकरमध्ये हळूहळू एकत्र केले. किंचित कोमट झालं, रंग थोडा फिकट झाला. पीएच ६.४. बाहेरचं काही न घालता.

साहेबांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, दोन टाक्या लागतील, जागा कुठे आहे? मी म्हटलं, पावसाळी पाण्याची जुनी टाकी रिकामीच असते. त्यांनी खर्चाचा आकडा मागितला. तो मी आधीच काढून नेला होता.


२६ ऑगस्ट, सोमवार. गोकुळाष्टमी

जुन्या टाकीला आतून रबराचं अस्तर आहे की नाही, हे बघायला आज माणसांना आत उतरवलं. आहे. हवा तपासून, दोर बांधून, वर एक जण उभा ठेवूनच उतरवलं होतं. एक जुनी नळी गळते, ती बदलायची. आईंनी उपास धरला होता, मीही. रात्री लेकीने तिचा प्रकल्प वाचून दाखवला. "एकमेकांचा नाश करतात" हे वाक्य तिने खोडलं आहे. त्याऐवजी लिहिलं आहे, "आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा दाह संपवतात. जे उरतं त्याला क्षार म्हणतात." खाली हळदीच्या पेल्याचं चित्र आहे, तीन वेळा रंग बदललेला आणि दर वेळी पाण्याची रेघ थोडी वर गेलेली.

तिच्या बाईंना हे पटेल की नाही माहीत नाही. मला पटलं.


३० ऑगस्ट, शुक्रवार

आज पहिली खरी टाकी. आम्लाचं पाणी १० हजार लिटर, जुन्या टाकीतलं अल्क पाणी ९ हजार लिटर. ऑपरेटर पंपावर, मी मीटरसमोर. दोनपर्यंत आकडा जवळजवळ हललाच नाही आणि या वेळी तो घाबरला नाही. अल्क पाणी संपलं तेव्हा थोडं आम्ल शिल्लक होतं. ते छोट्या पंपाने, थांबत थांबत. ४ किलो कॉस्टिक लागलं. पीएच ७.१. आम्ल बाहेरून एक थेंबही घातलं नाही.

लॉगबुकात पीएचच्या रकान्याशेजारी पट्टी धरून मी एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, मीठ, किलो. आजच्या तारखेपुढे हिशेबाने ५८.५. वेगवेगळं मारलं असतं तर दोन्ही मिळून १११ झालं असतं. ऑपरेटरने विचारलं, हा रकाना साहेबांनी सांगितला का? म्हटलं नाही, पण रोज भरायचा. तपासायला येणारे बघोत न बघोत.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो जाळं शिवत बसला होता, मागे वहिनीचा आवाज येत होता. सगळं सांगितलं, दोन टाक्या, ५८ आणि १११.

"मग आता पाणी चांगलं झालं?"

"नाही दादा. मीठ अर्ध्यावर आलं. रंग तसाच आहे, बाकीचंही बरंच आहे. त्यातलं माझ्या हातातलं काय काय आहे, ते आता एकेक बघते."

"बघ," तो म्हणाला. "आणि मला सांगत जा, आकड्यासकट."

तोही आता रकाना झाला.